घरी राहून घडणारी अक्षरसेवा

गृहस्थाश्रमी वाचकांकडून जी पत्रे येतात, त्यांत एक खंत निरनिराळ्या रूपांनी वारंवार व्यक्त झालेली असते. ‘आमच्या हातून सेवा घडत नाही’ ही ती खंत होय. कोणाला नोकरीमुळे सवड नाही, कोणाला गुडघ्यांमुळे मंदिराच्या पायऱ्या चढवत नाहीत, कोणी अशा परप्रांती राहतो की जेथे आपल्या भाषेतील कीर्तन वर्षातून एकदाही कानी पडत नाही. अलीकडे ग्वाल्हेरहून एका भगिनीचे पत्र आले. त्यातील प्रश्न पुष्कळांचा आहे असे वाटल्यावरून त्यांच्या अनुमतीने, नाव न देता, त्याचा आशय येथे सांगतो.

या भगिनींचे वय साठीच्या पुढे आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या यजमानांना पक्षाघात झाला आणि तेव्हापासून ते अंथरुणाला खिळून आहेत. त्यापूर्वी घराजवळच्या राममंदिरात या नित्य जात. सडासंमार्जन करावे, वाती वळाव्यात, नवरात्राच्या उत्सवात स्वयंपाकघर सांभाळावे, अशी सेवा त्यांनी वीस वर्षे केली. आता घर सोडून तासाभराहून अधिक काळ बाहेर राहता येत नाही. अशा स्थितीत त्यांच्या भाच्याने त्यांना संगणकावर एक काम दाखवून दिले. इंटरनेटवर ‘विकिस्रोत’ नावाचे एक मुक्त ग्रंथालय आहे. जुन्या ग्रंथांची पाने तेथे शुद्ध करून ठेवण्याचे काम स्वयंसेवक करीत असतात. यजमानांना रात्रीचे औषध देऊन, ते झोपले म्हणजे साडेनऊ ते अकरा या वेळात या भगिनी जुन्या संतचरित्रांची व टीकाग्रंथांची पाने तपासू लागल्या. दोन वर्षांत काहीशे पाने त्यांच्या हातून झाली.

पुढे त्या लिहितात, “मुलगा म्हणतो, आईला वेळ घालवायला बरे साधन मिळाले. भजनी मंडळातील एक बाई म्हणाल्या, कंबर न वाकवता, देवाच्या दारी न जाता सेवा कसली? या दोन्ही बोलण्यांचे मी मनाला लावून घेतले नाही. परंतु मागील महिन्यात मी पूर्ण केलेल्या एका पानावर कोणा अनोळखी माणसाने सतरा चुका दुरुस्त केल्या. संतांच्या वचनांत माझ्यामुळे सतरा चुका राहिल्या होत्या! त्या दिवसापासून मी संगणक उघडलेला नाही. माझ्या हातून सेवा घडली की अपराध घडला?”

प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी हे काम काय आहे ते थोडक्यात पाहणे आवश्यक आहे, कारण आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना त्याची माहिती नसेल. जुन्या पुस्तकाच्या प्रत्येक पानाचे प्रथम चित्र घेतले जाते. मग यंत्र त्या चित्रावरून अक्षरे ओळखून मजकूर तयार करते. परंतु यंत्राला अर्थ कळत नाही. जुन्या छपाईतील शाई पसरलेली, टाइप झिजलेला. त्यामुळे ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांत ते वारंवार फसते. ‘ख’ चे ‘रव’ करते. ‘भाव’ लिहिलेला असावा तेथे ‘माव’ उमटतो, आणि आपल्या जुन्या भाषेत माव म्हणजे माया, कपट! एका रेषेच्या चुकीने भक्ताचा भाव कपटात जमा होतो. म्हणून पानाचे चित्र आणि यंत्राने दिलेला मजकूर शेजारीशेजार ठेवून मनुष्याने अक्षरन् अक्षर ताडून पाहावे लागते. ज्या पानाला अद्याप कोणाचा हात लागलेला नाही ते पान सूचीत तांबडे दिसते, एकाने तपासले म्हणजे पिवळे होते, आणि दुसऱ्याने पुन्हा तपासून मान्य केले म्हणजे हिरवे. पिवळे करणाऱ्याला तेच पान स्वतः हिरवे करता येत नाही. त्यासाठी दुसराच मनुष्य लागतो. हा नियम वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण भगिनींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आहे.

इतके कष्ट कशासाठी, पुस्तकाचे नुसते चित्र ठेवले तर चालणार नाही काय, असे कोणी विचारील. चित्रात एखादी ओवी शोधता येत नाही. चित्रातील अक्षरे मोठी केली तर ती फुटतात, आणि उतारवयातील वाचकाला मोठे अक्षर हवे असते. शिवाय ज्यांची दृष्टीच गेली आहे त्यांना चित्राचा काय उपयोग? शुद्ध मजकूर असेल तर संगणक वा मोबाईल तो मोठ्याने वाचून दाखवितो. एखाद्या अंध वारकऱ्याला कोणाच्या सवडीची वाट न पाहता, पहाटे उठून ओव्या ऐकता याव्यात, हे ज्या कामामुळे शक्य होते ते काम वेळ घालविण्याचे साधन कसे म्हणावे?

आता भजनी मंडळातील त्या बाईंचे म्हणणे पाहू. त्यात तथ्य मुळीच नाही असे आम्ही म्हणणार नाही. देह झिजविण्याला भक्तिमार्गात स्थान आहे आणि ते कोणत्याही यंत्राने भरून निघणारे नाही. २०२० साली महामारीमुळे आषाढीची पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एस.टी.च्या गाड्यांतून पंढरीला गेल्या आणि लक्षावधी वारकऱ्यांनी घरी बसून हात जोडले. त्या वर्षी पडद्यावर दर्शन घेऊन जे वारकरी रडले, त्यांना कोणी ‘वारी घडली’ असे सांगितले असते तर त्यांना ते पटले नसते. पडद्यावरचे दर्शन हे अडचणीतले दर्शन आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

परंतु ग्रंथशुद्धीची गोष्ट निराळी आहे. ही सेवा कोणत्याही काळी देवळात उभे राहून झालेली नाही. ती मुळातच बैठी सेवा आहे, घरातली, दिव्याजवळची, एकट्याने करण्याची. ज्ञानदेव बोलत होते तेव्हा सच्चिदानंदबाबा खाली मान घालून लिहीत होते. तुकोबांचे अभंग संताजी जगनाडे यांच्या वह्यांतून आपल्यापर्यंत आले असे संप्रदाय मानतो. कीर्तन ऐकण्यास गाव लोटत असेल, त्या वहीची शाई वाळेपर्यंत जागणारा एकटाच असेल. तेव्हा दिवा बदलला, टाकाऐवजी कळफलक आला, एवढाच काय तो फरक.

या सेवेचे आपल्या भाषेतील सर्वांत थोर उदाहरण श्रीएकनाथमहाराजांचे आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० मध्ये सिद्ध झाली. पुढील सुमारे तीनशे वर्षांत तिच्या नकलांवरून नकला होत गेल्या. कोणी अवघड शब्द बदलून सोपा घातला, कोणाच्या हातून ओळ गळाली, कोणा हौशी लेखकाने स्वतःच्या ओव्या मध्ये घुसविल्या. सांप्रदायिक आख्यायिका अशी की, अजानवृक्षाची मुळी आपल्या कंठाला लागली आहे, ती काढ, असा दृष्टांत ज्ञानदेवांनी नाथांना दिला. त्यानुसार नाथ आळंदीस गेले आणि परत आल्यावर ग्रंथशुद्धीचे काम त्यांनी हाती घेतले. आख्यायिकेचा शब्दार्थ ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. पण अशुद्ध पाठ हा ज्ञानदेवांच्या गळ्याला लागलेला फास आहे, ही त्यातील भावना किती खोल आहे! शके १५०६, म्हणजे १५८४ साली, पैठण येथे नाथांनी अनेक प्रती ताडून ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. त्या काळी नाथ स्वतः सिद्धहस्त ग्रंथकार होते. रुक्मिणीस्वयंवर झाले होते, भागवताची टीका १५७३ मध्ये काशीस पूर्ण झाली होती. एवढ्या अधिकाराच्या पुरुषाने ज्ञानदेवांच्या ग्रंथात आपली एकही ओवी मिसळली नाही. उलट, पुढे जो कोणी असे करील तो अमृताच्या ताटात करवंटी ठेवील, अशा अर्थाची ताकीद त्यांनी ग्रंथाअखेरीस देऊन ठेवली. ज्याला उत्तम लिहिता येते त्याने दुसऱ्याचे लिहिणे जसेच्या तसे राखणे, हे अहंकाराच्या दृष्टीने फार कठीण तप आहे.

पुढे मुद्रणाचे युग आले तेव्हाही अशी माणसे निपजत राहिली. बाळशास्त्री जांभेकर यांनी १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी शिळाछापावर छापून काढली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत, जवळजवळ अर्धे शतक, महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढण्यासाठी बाराशेहून अधिक हस्तलिखिते ताडून पाहिली. त्या कामाला आरंभ करणारे कित्येक विद्वान ते पूर्ण झालेले पाहण्यास उरले नाहीत. आणि एक गोष्ट आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असेल. आज संगणकावर महाभारतातील श्लोक क्षणात सापडतो, तो ज्या संहितेमुळे, ती प्रथम जपानमधील क्योटो येथील प्राध्यापक मुनेओ तोकुनागा यांनी संगणकात उतरविली आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती तपासून सुधारली. व्यासांच्या ग्रंथाची एवढी सेवा सातासमुद्रांपलीकडच्या पंडितांनी केली. याबद्दल आम्हांला लाज वाटावी असे नव्हे, कृतज्ञता मात्र अवश्य वाटावी, आणि आपल्या घरातील पोथ्यांकडे एकदा वळून पाहावेसेही वाटावे.

गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवंतांनी यज्ञांचे अनेक प्रकार सांगितले आहेत. कोणी द्रव्याने यजन करतो, कोणी तपाने, कोणी योगाने. त्याच श्लोकात स्वाध्यायरूपी ज्ञानयज्ञाचाही उल्लेख आहे, आणि पुढे द्रव्यमय यज्ञापेक्षा ज्ञानयज्ञ श्रेष्ठ असल्याचे सांगितले आहे. सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगताना सत्य, प्रिय व हितकर भाषणाच्या जोडीला स्वाध्यायाचा अभ्यासही भगवंतांनी ठेवला. संतवचनाचे एक पान अक्षर अक्षर लावून तपासणारी व्यक्ती हे तप करीत नाही तर काय करते? आपण नित्यपाठ करतो तेव्हा डोळे पुढे धावतात आणि मन बाजारात असते. मुद्रितशोधनात ते चालतच नाही. प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी थांबवून धरते. प्रस्तुत लेखकाचा अनुभव असा की, वर्षानुवर्षे पाठ असलेल्या एका अध्यायाचा अर्थ तो तपासावा लागला त्या आठवड्यातच थोडासा उलगडला.

त्याच सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण आहे. जो परतफेड करू शकणार नाही त्याला, केवळ द्यावयाचे म्हणून, योग्य देशी व काळी दिलेले ते सात्त्विक दान. विकिस्रोत ही काही धार्मिक संस्था नव्हे. तेथे कादंबऱ्या आहेत, इतिहास आहे, पाकशास्त्रही असेल. म्हणून काही भाविक संकोच करतात. पण उन्हाळ्यात वाटेवर पाणपोई घालणारा, पिणाऱ्याची जात आणि पंथ विचारीत नाही. तो रांजण धुतो, पाणी गाळून भरतो आणि निघून जातो. आपण शुद्ध केलेले पान उद्या भाविक वाचील, संशोधक वाचील, वाद घालण्यासाठी कोणी नास्तिकही वाचील. पाणी गाळलेले असावे एवढीच पाणपोईवाल्याची जबाबदारी.

येथे ओघात एक सूचना करणे अवश्य वाटते. आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षेपर्यंत त्याच्या ग्रंथाचा हक्क त्याच्या वारसांकडे असतो. ‘धर्मग्रंथच आहे, देवाचेच काम आहे’ असे म्हणून एखाद्या अलीकडच्या महाराजांची पुस्तके परवानगीवाचून इंटरनेटवर टाकणारे पुष्कळ आहेत. त्यांचा हेतू चांगला असेल. परंतु दुसऱ्याच्या बागेतील फुले न विचारता तोडून देवाला वाहण्याची सवय आपल्या समाजाला आधीच आहे, तिचा विस्तार करू नये.

आता भगिनींच्या प्रश्नाचे मर्म. सतरा चुका निघाल्या म्हणून त्यांना दुःख झाले, हे दुःख दोन प्रकारचे असू शकते. संतवचनाला बाध आला याचे दुःख एक, आणि ‘माझ्या’ पानात चुका निघाल्या याचे दुःख दुसरे. बाहेरून ही दोन्ही सारखीच दिसतात, आतूनही पुष्कळदा सारखीच भासतात. ती वेगळी ओळखण्याची एक खूण आहे. पहिले दुःख मनुष्याला पुन्हा पानाकडे नेते, दुसरे पानापासून दूर नेते.

हे आम्ही कोणा उंच आसनावरून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकानेही एका जुन्या प्रवचनग्रंथाची चाळीस पाने तपासली होती. ग्रंथात जागोजाग अनुस्वार होते, ‘घरीं’, ‘देवें’, ‘संतां’ असे. १९६२ च्या लेखननियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले गेले, हे लेखकास ठाऊक होते. मोठ्या उत्साहाने त्याने चाळीस पानांतील सगळे अनुस्वार पुसून टाकले आणि ग्रंथ ‘शुद्ध’ केला. वस्तुतः जुन्या भाषेत त्या टिंबाला काम असते. ‘देवें’ म्हणजे देवाने, ‘संतां’ म्हणजे संतांना किंवा अहो संतांनो. टिंब पुसले की विभक्ती पुसली, आणि वाक्यात कोणी कोणाला काय केले ते कळेनासे झाले. ज्या नियमांचा लेखकाला अभिमान होता, ते नियमही जुने साहित्य मूळ रूपातच छापावे असे सांगतात. तेवढे मात्र त्याने वाचले नव्हते. थोड्याच दिवसांत कोणा अनोळखी स्वयंसेवकाने चाळीसही पानांतील अनुस्वार एकेक करून परत लावले आणि चर्चेच्या जागी इतकेच लिहिले की, पुस्तकातील अनुस्वार पुस्तकाचे आहेत, ते राहू द्यावेत.

ते वाचून लेखकाला प्रथम राग आला, हे कबूल केले पाहिजे. पस्तीस वर्षे प्रवचने करणाऱ्याला हे सांगणारा कोण? दोन दिवस तो मनात प्रत्युत्तर रचीत होता आणि त्यासाठी व्याकरणाची पुस्तकेही काढून बसला होता. योगायोग असा की, त्याच आठवड्यात अठराव्या अध्यायातील सात्त्विक कर्त्यावर त्याचे प्रवचन ठरलेले होते. आसक्ती सोडलेला, ‘मी केले’ असे न म्हणणारा, धैर्य व उत्साह यांनी युक्त, कार्य सिद्धीस जावो वा न जावो, ज्याच्या चित्तात विकार उठत नाही तो सात्त्विक कर्ता. टिपणे काढता काढता लेखणी थांबली. ज्याने चार रात्री बसून दुसऱ्याची चूक निस्तरली, स्वतःचे खरे नावही सांगितले नाही आणि एक कठोर शब्दही लिहिला नाही, त्या माणसाचे वर्णन समोरच्या श्लोकात होते. लेखकाचे वर्णन त्याच्या पुढच्या श्लोकात, राजस कर्त्याच्या लक्षणांत, सापडले. त्या दिवशीचे प्रवचन काही रंगले नाही.

म्हणून त्या भगिनींना आमचे सांगणे असे. पिवळे पान हिरवे करण्यास दुसराच मनुष्य लागतो, हा नियम करणाऱ्यांनी प्रत्येकाच्या हातून चुका राहणार हे गृहीतच धरले आहे. पहिल्याने निष्ठेने पाहावे, जे सुटेल ते दुसऱ्याने पाहावे. आपल्या पानात सतरा चुका सापडल्या याचा अर्थ व्यवस्था यशस्वी झाली, आणि शिवाय एक अज्ञात बंधू आपल्या पानावर आपल्याइतकाच जागला. भगवंत अठराव्या अध्यायात सांगतात की, अग्नी जसा धुराने वेढलेला असतो तसा प्रत्येक आरंभ कोणत्या तरी दोषाने वेढलेलाच असतो, म्हणून सहजप्राप्त कर्म सदोष असले तरी टाकू नये. धूर डोळ्यांत गेला म्हणून चूल विझविणारी गृहिणी आम्ही पाहिलेली नाही. ती डोळे पुसते, फुंकणी उचलते.

आणखी एक सावधगिरी. या कामात कोणी किती पाने केली याची गणना उघड दिसत असते. व्यवस्थेसाठी ती आवश्यक आहे, साधकासाठी ती घातक ठरू शकते. शंभर झाली, हजार झाली, अमका माझ्या पुढे गेला, असे मन रोज सांगू लागले म्हणजे फळ दारात येऊन बसले असे समजावे. मग घाई होते, सोपी पाने निवडली जातात, आणि फाटक्या कडांची, पुसट शाईची पाने तांबडीच राहतात. ज्यांना जमेल त्यांनी मुद्दाम अशी टाकलेली पाने घ्यावीत. आकडा थोडा दिसेल, पण त्यात लोकसंग्रह अधिक आहे.

या सेवेच्या विरुद्ध टोकालाही काही लोक गेलेले आहेत, त्यांचाही उल्लेख न करून चालणार नाही. नागपूरहून एका गृहिणीने लिहिले आहे की, त्यांचे यजमान मोबाईलवर धार्मिक सत्संगाचे पाच समूह चालवितात. पहाटे सुविचार, मग पंचांग, मग संतवचने, मग कोणी कोणाला समूहातून काढले यावरचे भांडण. घरात सासूबाईंना मधुमेह आहे. त्यांच्या सुईची वेळ यजमानांना आठवत नाही. विचारले तर म्हणतात, मी देवाचे काम करतो आहे. आम्ही स्पष्टच लिहितो की, हे देवाचे काम नव्हे. आपापल्या कर्माने त्या परमात्म्याची पूजा केल्याने मनुष्य सिद्धी पावतो असे अठरावा अध्याय सांगतो, आणि वृद्ध मातेच्या पुत्राचे पहिले कर्म कोणते, हे सांगण्यास शास्त्री लागत नाही. ग्वाल्हेरच्या भगिनी आधी औषध देतात, यजमान झोपले म्हणजे मग बसतात आणि अकराला उठतात. सहाव्या अध्यायातील युक्त आहार, युक्त विहार, युक्त निद्रा यांचा अर्थ कोणाला संसाराच्या भाषेत हवा असेल तर तो हा आहे.

त्या समूहांतून जे पसरते त्याविषयीही दोन शब्द. ‘गीतासार’ नावाचा एक मजकूर आहे, दुकानांत, दिनदर्शिकांवर, आणि आता मोबाईलमध्ये घरोघर पोचलेला. झाले ते चांगले झाले, होईल तेही चांगले होईल, अशा धाटणीचा. पुष्कळांचे सांत्वन त्याने झाले असेल, त्याची टवाळी करण्याचे कारण नाही. पण गीतेच्या सातशे श्लोकांत तो कोणत्याही श्लोकाचा अनुवाद म्हणून सापडत नाही. गीता वाचू लागलेला तरुण तो गीतेत शोधतो, सापडत नाही, आणि तो गोंधळतो. नाथांनी सांगितलेली ताटातील करवंटी ती हीच. असा मजकूर पुढे पाठविण्यापूर्वी अध्याय आणि श्लोक यांचा क्रमांक पाहावा, सापडला नाही तर पाठवू नये. दुसऱ्या कोणी पाठविला तर चारचौघांत त्याची फजिती न करता एकट्याला गाठून सांगावे. ज्ञात्याने अज्ञांचा बुद्धिभेद करू नये, हे तिसऱ्या अध्यायातील सांगणे अशा प्रसंगासाठीही आहे.

ज्यांना अक्षरांचे काम झेपत नाही त्यांना इतर मार्ग आहेत. १९८६ साली स्थापन झालेल्या गीता परिवाराने २०२० च्या टाळेबंदीत इंटरनेटवरून गीतेच्या शुद्ध उच्चारांचे वर्ग विनामूल्य सुरू केले. ते सारे स्वयंसेवकांच्या बळावर चालतात. त्यांत शिकविणारे असतात तसेच केवळ तांत्रिक साहाय्य करणारेही असतात. कोणाचा आवाज येत नाही, कोणाच्या घरचा कुकर शिट्ट्या देतो आहे, कोणा आजींना आपला चेहरा पडद्यावर आणता येत नाही, हे सगळे ते निमूटपणे सांभाळतात. मंदिराच्या दारात भाविकांची पायताणे सांभाळणाऱ्याची जी जागा, तीच यांची. दर्शनाचे वर्णन करताना कोणी त्याचे नाव घेत नाही, पण तो नसेल तर अर्ध्या भाविकांचे लक्ष गाभाऱ्यात लागणार नाही.

इंदूर, बडोदे, हैदराबाद, तंजावर अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांतून एक वेगळी सेवा घडू शकेल. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे हे सर्वश्रुत आहे. पण घरोघरच्या माळ्यावर, लाल फडक्यात बांधलेल्या ज्या पोथ्या आहेत त्यांची नोंद कोठेही नाही. आजोबांना मोडी वाचता येत होती, नातवाला येत नाही, आणि वाळवीला लिपीची अडचण नसते. असे बस्ते उघडून, पोथीला इजा न होऊ देता, स्वच्छ उजेडात त्यांची चित्रे घेऊन ठेवणे हे काम कोणताही सावध गृहस्थ रविवारच्या दुपारी करू शकेल. वाचणारा पुढे कोणीतरी मिळेल.

ग्वाल्हेरच्या भगिनींनी पत्राच्या शेवटी आणखी दोन लहान प्रश्न विचारले आहेत. पहिला असा की, हे काम करताना सोवळ्याचे काही बंधन आहे काय, कारण पडद्यावर संतवचन असते आणि अंगावर तर स्वयंपाकघरातले लुगडे. हात धुवावेत, चूळ भरावी, एकदा नामस्मरण करावे आणि बसावे, याहून अधिक आमच्या मते आवश्यक नाही. दुसरा प्रश्न सुतकाविषयी आहे. देवपूजेचे जे नियम असतील ते आपापल्या कुलाचाराप्रमाणे व उपाध्यायांना विचारून पाळावेत. नामस्मरणाला मात्र सुतकाचा प्रतिबंध नाही, असे संप्रदायात मानतात. ग्रंथाचे अक्षर डोळ्यांखालून घालणे आम्ही त्याच वर्गात धरतो. त्या दिवसांत मन लागत नसेल तर न बसावे, लागत असेल तर एखादे पान करावे. दुरुस्त झालेले ते सतरा चुकांचे पानही एकदा उघडून, कोणत्या चुका होत्या हे शांतपणे पाहावे. बहुधा त्यांतील निम्म्याहून अधिक ‘घ’ आणि ‘ध’ च्याच निघतील.